सामायिक चलन आणि वऱ्हाडचा कापूस

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने आपले लेव्ह हे चलन सोडून युरोचा स्वीकार केला आणि युरो वापरणाऱ्या देशांची संख्या एकवीस झाली. बाल्कन प्रदेशातील एका लहान देशाने कोणते नाणे वापरावे, या प्रश्नाशी अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. वास्तविक हा संबंध फार जुना आहे. दुसऱ्याच्या चलनात सामील झालेल्या प्रदेशाचे पुढे काय होते, याचा अनुभव वऱ्हाड १८५३ पासून घेत आला आहे. बल्गेरियात निदान या प्रश्नावर वाद झाला, संसदेत चर्चा झाली, रस्त्यावर निदर्शनेही झाली. वऱ्हाडला मात्र कोणी विचारले नव्हते.

चलन एकच असण्याचे फायदे उघड आहेत. हुंडणावळीचा खर्च वाचतो, दूरच्या बाजारपेठेशी व्यवहार सोपा होतो, भांडवलाची ये-जा वाढते. या फायद्यांची किंमत मात्र संकटकाळात द्यावी लागते. स्वतंत्र चलन असलेल्या देशाचा मुख्य माल परदेशात स्वस्त झाला, तर तो आपल्या चलनाचे अवमूल्यन करून आघाताची धार काही प्रमाणात बोथट करू शकतो. चलनसंघात शिरल्यावर हे हत्यार हातातून जाते. संघातील सर्वांना सारखाच फटका बसला असेल, तर सर्वांसाठी एकच उपाय करता येतो आणि कोणाची तक्रार उरत नाही. एकट्यालाच फटका बसला, तर त्याच्यासाठी निराळा व्याजदर नसतो आणि निराळा विनिमय दरही नसतो. म्हणून चलनसंघात जाऊ पाहणाऱ्या देशाने प्रथम हे तपासावे की, आपल्यावर येणारी संकटे शेजाऱ्यांशी सामायिक आहेत की केवळ आपली.

कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ साली एका छोट्या निबंधात या विचाराचा पाया घातला. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मोटारी बनतात आणि पश्चिम भागात इमारती लाकूड निघते, अशी त्यांनी कल्पना केली. मोटारींची मागणी घटून लाकडाची वाढली, तर पूर्वेला बेकारी येईल आणि पश्चिमेला महागाई. अमेरिका आणि कॅनडा यांची चलने वेगळी असली तरी त्यांचा येथे उपयोग नाही. कारण दोन्ही देशांची सरहद्द पूर्व-पश्चिम धावते आणि संकटाची रेषा उत्तर-दक्षिण. देशाच्या सीमा आणि आघाताच्या सीमा एकच असतात असे नाही, हा मुंडेल यांच्या मांडणीचा गाभा होय. वऱ्हाडच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पैनगंगेचे दोन तीर

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख तैनाती फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. नावापुरते सार्वभौमत्व निजामाचे राहिले. व्यवहारात मात्र इंग्रजी रुपया रूढ झाला. पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोली-परभणीच्या बाजूला, निजामाचा हाली सिक्का चालू राहिला. माती तीच काळी, पीक तेच कापसाचे, भाषाही मराठीच. परंतु नदीच्या एका तीरावर एक रुपया आणि दुसऱ्या तीरावर दुसरा. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला प्रयोगशाळेतही सहजासहजी मिळणार नाही, अशी ही तुलना आहे.

इंग्रजी रुपयाच्या गोटात गेल्यावर वऱ्हाडला पहिला मोठा अनुभव आला तो भरभराटीचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या बाजारात भाव कित्येक पटींनी चढले. युद्ध संपताच १८६५ मध्ये तेच भाव कोसळले, मुंबईतील शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या बुडाल्या. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुली झाली. ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणून वऱ्हाडचा लौकिक झाला तो याच पांढऱ्या सोन्यामुळे. पण त्याच कुऱ्हाडीचा घाव पुढे वऱ्हाडच्याच पायावर पडत गेला.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ही गोष्ट स्पष्ट झाली. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवण्याची शिफारस केली होती आणि १९२७ मध्ये तो कायद्याने पक्का झाला. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली. हा वाद दोन पेन्सांचा दिसत असला तरी त्याचा अर्थ स्पष्ट होता. चढ्या दरामुळे लिव्हरपूलमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाठीमागे शेतकऱ्याच्या हाती कमी रुपये पडत. मंदी आली तेव्हा कच्चा माल विकणाऱ्या देशाला सवलतीच्या दराची गरज होती. कर्जे वसूल करणाऱ्या लंडनला चढा दर सोयीचा होता. संकट जगाचे होते, चलन मात्र लंडनच्या सोयीचे होते. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले, तेव्हाही रुपया पौंडालाच बांधलेला राहिला. खेड्यापाड्यांतील दागिने मोडले गेले आणि त्यांचे सोने जहाजांनी परदेशी गेले. मध्य प्रांतात १९३३ साली कर्जसलोख्याचा कायदा करावा लागला.

आता पैनगंगेच्या पलीकडे पाहावे. तेथे नाणे स्वतंत्र होते, टांकसाळ स्वतःची होती, नोटाही स्वतःच्या होत्या. मग हिंगोलीचा शेतकरी वाचला काय? तसे घडले नाही. चारमिनारची मुद्रा असलेल्या हाली रुपयाचा इंग्रजी रुपयाशी दर व्यवहारात जवळजवळ पक्का ठरलेला होता. ७ हाली रुपये म्हणजे ६ इंग्रजी रुपये, याच प्रमाणाने १९५० नंतर हे चलन भारतीय रुपयात विलीन होऊ लागले आणि १९५९ मध्ये ते कायमचे रद्द झाले. नाणे वेगळे होते, पण धोरण वेगळे नव्हते. बल्गेरियाची कथाही अशीच आहे. लेव्ह १९९७ पासून प्रथम जर्मन मार्कला आणि नंतर युरोला बांधलेला होता, १.९५५८३ लेव्हचा एक युरो, हा दर युरो स्वीकारण्याच्या दिवसापर्यंत हलला नाही. म्हणजे बल्गेरियाने २०२६ मध्ये जे हत्यार खाली ठेवले, ते त्याने अनेक वर्षे उचललेच नव्हते.

हाली सिक्क्याचे अवमूल्यन झाले असते तरी किती उपयोग झाला असता, हाही प्रश्न आहे. रोनाल्ड मॅकिनन यांनी १९६३ साली दाखवून दिले की, जो लहान प्रदेश आपले बहुतेक उत्पन्न बाहेर विकतो आणि बहुतेक गरजा बाहेरून भागवतो, त्याला अवमूल्यनाचा लाभ थोडाच मिळतो. कापसाला चार रुपये अधिक मिळतात आणि तेच चार रुपये कापड, मीठ, घासलेट आणि लोखंड यांच्या वाढलेल्या किमतींत निघून जातात. त्यामुळे वऱ्हाडला स्वतंत्र चलन असते तर त्याचे भले झाले असते, असा निष्कर्ष या इतिहासातून काढता येत नाही. वऱ्हाडचे स्वतंत्र राज्य व्हावे की नाही, हा वादही येथे गैरलागू आहे. कारण स्वतंत्र राज्यालाही नाणे हेच वापरावे लागेल. खरा प्रश्न पुढचा आहे. हत्यार काढून घेणाऱ्या संघाने त्याच्या बदल्यात ढाल दिली काय?

संघामुळे आघात बदलतात

चलनसंघाच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद असा की, सुरुवातीला आघात भिन्न असले तरी व्यापार वाढला की अर्थव्यवस्था एकमेकींसारख्या होत जातात आणि मग संकटेही सामायिक होतात. वऱ्हाडचा अनुभव याच्या उलट आहे. रेल्वे, एकच रुपया आणि मुंबईची बाजारपेठ यांनी वऱ्हाडला अधिकाधिक कापसाकडे ढकलले. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिली, वऱ्हाडातही काही गिरण्या निघाल्या. परंतु बहुतांश रुई गाठी बांधून बाहेरच गेली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने म्हणजे कापूस रवाना करण्याची सोय. कापसावर रोजगार उभा करण्याची नव्हे. बाजारपेठ एक झाल्यामुळे प्रत्येक प्रदेश आपल्या एका मालापुरता होत गेला, आणि एका मालावर जगणाऱ्याचे संकट त्याचे एकट्याचेच असते.

पीटर केनेन यांनी १९६९ साली म्हटले होते की, ज्या प्रदेशात नाना प्रकारचा माल तयार होतो त्याला चलनसंघाची भीती कमी. एका मालाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याने भरून निघतो. गेल्या काही दशकांत वऱ्हाडात सोयाबीनचा पेरा फार वाढला. त्यामुळे वैविध्य आले असे वरवर दिसते. पण सोयाबीनही त्याच मोसमी पावसावर येते, त्याचाही भाव जागतिक बाजार आणि खाद्यतेलाच्या आयातशुल्कावर ठरतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला चालत नाही. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचा अपवाद सोडला, तर वऱ्हाडने दोन टोपल्या घेतल्या आहेत, पण त्या एकाच दोरीला टांगलेल्या आहेत.

युरोपातही हेच दिसून आले. स्वीडनने १४ सप्टेंबर २००३ च्या सार्वमतात युरो नाकारला; शेजारच्या फिनलंडने तो प्रारंभापासून, म्हणजे १९९९ पासून, स्वीकारला होता. २००८ च्या अरिष्टात स्वीडनचा क्रोना घसरला आणि त्याच्या निर्यातीला आधार मिळाला. फिनलंडवर नोकियाची घसरण, कागदाच्या मागणीतील घट आणि पुढे रशियाशी व्यापारातील मंदी असे त्याचे स्वतःचे आघात आले. त्यावर त्याला अवमूल्यनाचा उपाय करता आला नाही. वेतन आणि खर्च आवरत अनेक वर्षे काढावी लागली. ग्रीसमध्ये तर २०१३ साली दर चार कामकऱ्यांमागे एकाहून अधिक बेकार होता. उलट २०२० च्या महामारीने साऱ्यांनाच गाठले, तेव्हा युरोपीय संघाने सामायिक कर्ज काढून ७५० अब्ज युरोंचा निधी उभारण्याचे ठरवले. दुखणे सर्वांचे असले की औषधाचा खर्च वाटून घेतला जातो. एकाचेच असले की पथ्याचा उपदेश मिळतो.

एकच आघात, निराळा भार

आघात सामायिक असला तरी त्याचा भार सारखा वाटला जातो असे नाही. २०२५ चा खरीप हंगाम हे त्याचे उदाहरण होय. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. हा आघात राष्ट्रीय होता. त्याचा पहिला फटका तिरुपूर आणि सुरतसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रांना बसला. गिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून स्थगित केले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. वऱ्हाडातील कापसाची वेचणी आणि विक्री नेमकी याच महिन्यांत होते. निर्यातदाराच्या दुखण्यावर केलेला उपाय कापूस उत्पादकाच्या अंगावर आला.

त्याच वर्षी रुपया डॉलरच्या तुलनेत सुमारे पाच टक्क्यांनी घसरला आणि डिसेंबरमध्ये डॉलर प्रथमच ९० रुपयांच्या वर गेला. एरवी अशा घसरणीमुळे आयात रुई महाग होऊन देशी कापसाला आधार मिळाला असता. परंतु पाच टक्क्यांचा हा आधार ११ टक्क्यांच्या शुल्कमाफीपुढे टिकणारा नव्हता. विनिमय दराने एका हाताने दिले आणि आयातधोरणाने दुसऱ्या हाताने दुपटीने काढून घेतले. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. पण हमीभाव ही ढाल हातात यायची तर सीसीआय या नावाने परिचित असलेल्या भारतीय कापूस महामंडळाचे केंद्र जवळ असावे लागते, नोंदणी वेळेवर व्हावी लागते आणि कापसातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. पावसाने भिजलेला कापूस घेऊन उभा असलेला आणि सावकाराच्या तगाद्याने घाईला आलेला शेतकरी खेडा खरेदीदाराच्या काट्याकडेच वळतो.

महाराष्ट्राने एकदा स्वतःची ढाल घडवून पाहिली होती. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत राज्यातील सारा कापूस सरकारनेच घ्यावा, हमी दर द्यावा आणि भावातील चढ-उतारांसाठी स्वतंत्र निधी राखावा, अशी रचना होती. एका प्रदेशाने चलनाऐवजी भावाच्या मार्गाने आपला बचाव करण्याचा हा प्रयत्न होता. परंतु एकाच रुपयाच्या खुल्या बाजारात एका राज्याची भिंत टिकत नाही. बाहेर भाव चढला की कापूस बऱ्हाणपूर-खांडव्याकडे किंवा आदिलाबादकडे निघून जाई. बाहेर पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. नफ्याच्या वर्षी माल नाही आणि तोट्याच्या वर्षी माल मावेना, अशा स्थितीत योजनेचा तोटा वाढत गेला आणि अखेर एकाधिकार संपुष्टात आला. सारा देश ज्या बाजारात सामील आहे, त्यातील जोखमीचा विमा एका राज्याला उतरवता येत नाही, हा त्याचा धडा होता.

सरासरीखाली दडलेला प्रदेश

संघाने द्यावयाची ढाल म्हणजे राजकोषीय हस्तांतर: ज्या भागावर आघात झाला त्याच्याकडे संघाच्या तिजोरीतून आपोआप वळणारा पैसा. भारतात ही व्यवस्था युरोपपेक्षा कितीतरी बळकट आहे. राज्यघटनेच्या २८० व्या कलमानुसार नेमला जाणारा वित्त आयोग केंद्रीय करांचा वाटा राज्यांना देतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी तो ४१ टक्के ठरवला. पण हा आयोग मोजतो राज्य. मुंबई, ठाणे आणि पुणे यांच्या उत्पन्नामुळे महाराष्ट्र सधन ठरतो आणि म्हणून त्याच्या वाट्याला त्या रकमेपैकी ६.३१७ टक्के आले. हे राज्य म्हणून योग्य असेलही. पण कापूस कोसळल्यावर अकोल्याचे जे होते, ते मुंबईच्या उत्पन्नात मिसळल्यावर सरासरीत दिसेनासे होते. आघाताची सीमा एक आणि हिशेबाची सीमा दुसरी, हे मुंडेल यांचे कोडे येथे जसेच्या तसे उभे राहते.

राज्याच्या आत हा हिशेब मांडण्याचे प्रयत्न झाले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये विभागवार अनुशेष मोजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. मदतीचे निकषही बाहेरून आलेले. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तेव्हा आत्महत्यांचे सत्र कित्येक वर्षे चालू होते. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती. बागायती प्रदेशात दोन हेक्टरांचा मालक सुस्थितीत असू शकतो. वऱ्हाडच्या कोरडवाहू रानात चार हेक्टरांचा धनीही कर्जबाजारी असतो आणि तोच पूर्ण माफीतून वगळला गेला. राज्य सरकारने २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपयांची मदत दिली, तिलाही दोन हेक्टरांचीच मर्यादा होती आणि ती २०२४ च्या उत्तरार्धात पोहोचली. पीकविमा उत्पादनातील घट पाहतो, भावातील घट पाहत नाही. आघाताच्या पाठोपाठ आपोआप येते ते हस्तांतर. मागणी, मोर्चा आणि मरण यांनंतर जे येते, ते फार तर अनुदान.

येथेच बल्गेरियासारख्या देशाला आणि वऱ्हाडसारख्या प्रदेशाला एकच कसोटी लागू पडते. आपले आघात शेजाऱ्यांसारखे आहेत काय, हा पहिला प्रश्न खरा. पण तो पुरेसा नाही. सामील झाल्यावर आपण एकाच मालावर अवलंबून राहू काय, सामायिक संकटावरचा उपाय आपल्यावर उलटेल काय, आणि आपले दुखणे मोजण्याइतके बारीक माप संघाजवळ आहे काय, हे तीन प्रश्न त्यापुढे उभे राहतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडला आजवर समाधानकारक मिळालेले नाही.

त्यासाठी नवे नाणे पाडण्याची गरज नाही. कापूस किंवा खाद्यतेल यांच्या आयातशुल्कात बदल करताना त्याचा भार कोणत्या जिल्ह्यांवर पडेल याचा हिशेब त्याच निर्णयासोबत मांडला जावा आणि भरपाईची तरतूदही त्याच वेळी व्हावी. बाजारभाव हमीभावाखाली ठराविक अंतराने गेला की फरकाची रक्कम अर्जाची वाट न पाहता देय व्हावी. तिचा निकष जमिनीच्या आकाराऐवजी तिच्या उत्पन्नक्षमतेवर ठरावा, म्हणजे कोरडवाहू चार हेक्टर आणि बागायती चार हेक्टर एका मापाने मोजले जाणार नाहीत. रुपया एक असण्याचा लाभ साऱ्या देशाने घेतला आहे. त्याची किंमत दर काही वर्षांनी एकाच काळ्या मातीने चुकवावी, ही व्यवस्था ना अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरते, ना संघराज्याच्या. १८५३ साली वऱ्हाडला विचारले गेले नव्हते. निदान आज त्याचे नुकसान तरी वेगळे मोजले जावे.